ओढत्या गळासाठीं लहान यंत्र

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले आहेत. या डोंगरांवर पडणारें पावसाचें पाणी भातसा, तानसा, काळू, शाई, बारवी अशा नद्यांतून खालीं उतरतें, आणि त्यांतील पुष्कळसें मोठमोठ्या धरणांनीं अडवून ठेवलेलें आहे. तानसा नदीवरील धरण १८९२ सालीं पुरें झालें. भातसा नदीवरील धरण त्या मानानें अलीकडचें, १९८३ सालचें. त्याची उंची ८८.५ मीटर असून त्याच्या मागें ९७ कोटि घनमीटरांहून अधिक पाणी सांठतें. मुरबाड तालुक्याच्या कडेला बारवीचा जलाशय आहे. मुंबई, ठाणें, कल्याण या शहरांतील हौशी गृहस्थ सुटीच्या दिवशीं गळ घेऊन इकडे येतात. किनाऱ्यावर बसून बसून कंटाळा आला कीं त्यांना होडीचा विचार सुचतो, आणि होडीच्या पाठोपाठ तिच्या यंत्राचा. दुकानांत पाऊल टाकल्याबरोबर पहिला प्रश्न ऐकूं येतो तो, "किती अश्वशक्तीचें हवें, साहेब?" हा. संथ चालीनें गळ ओढीत नेणाऱ्यानें या प्रश्नाचें उत्तर देण्याची घाई करूं नये. कारण त्याच्या कामीं यंत्राचा मोठ्यांत मोठा वेग उपयोगी पडत नाहीं, लहानांत लहान वेग उपयोगी पडतो.

गळ ओढीत नेण्याची रीत अशी : होडी मंद पण एकसारख्या चालीनें चालवावयाची, तिच्या मागें वीस ते चाळीस मीटर दोरी सोडावयाची, आणि दोरीच्या टोकाचें आमिष जिवंत माशाप्रमाणें हालत हालत पाण्यांतून जाऊं द्यावयाचें. इंग्रजींत या रीतीस ट्रोलिंग म्हणतात. समुद्राच्या तळाशीं जाळें ओढणाऱ्या ट्रॉलर बोटींशीं याचा संबंध जोडण्याची चूक सुशिक्षितांकडूनही होते. वस्तुतः दोन्ही कामें अगदीं निराळीं आहेत. चालीचा वेग ताशीं अडीच ते चार किलोमीटर, म्हणजे सायंकाळीं जेवणापूर्वीं फिरावयास निघालेल्या वृद्ध गृहस्थाचा वेग. याहून होडी जलद गेली तर दोरीवर पाण्याचा ताण वाढून आमिष वर उचललें जातें, व खोल पाण्यांतील माशाच्या डोक्यावरून निघून जातें. फारच हळू गेली तर धातूचें वा लांकडाचें आमिष हालतच नाहीं. वाळलेल्या पानासारखें तें खालीं बसतें आणि बुडालेल्या एखाद्या झाडांत अडकतें. म्हणून वेग नुसता मंद असून भागत नाहीं, तो स्थिर असावा लागतो. यंत्राची सारी परीक्षा या एका गोष्टींत आहे.

मात्र यंत्राच्या किंमतीची चौकशी करण्यापूर्वीं माशांचीही चौकशी करावी. धरणांच्या पाण्यांत बहुधा कटला, रोहू व मृगळ यांचीं पिलें सोडलेलीं असतात. कटला पाण्यांतील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मुख्यतः वनस्पतींवर राहतो आणि मृगळ तळाचा गाळ चाळीत असतो. पळत्या आमिषामागें धांवण्याचें यांपैकीं कोणासही कारण नाहीं. त्यांच्यासाठीं कणकेचा गोळा लावून एके जागीं स्वस्थ बसणें हेंच बरें, आणि त्या कामीं यंत्र मुळींच लागत नाहीं. ओढत्या गळास हवा तो दुसऱ्या माशाला खाणारा मासा. शिवडा हा तसा आहे. मरळही तसाच, परंतु त्याचें ठाणें बहुधा कडेच्या गवतांत असतें व तेथें होडीचा पंखा अडकतो. जेथें महसीर असेल तेथें तो या रीतीचा राजाच होय. सह्याद्रीच्या नद्यांचा हा जुना रहिवासी; परंतु त्याची संख्या घटत गेल्यामुळें लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या केंद्रांत त्याचीं पिलें वाढविण्याचें काम १९७० नंतरच्या दशकांत सुरू झालें. असा मासा गळाला लागला तर ओल्या हातानें सोडवून परत पाण्यांत जाऊं द्यावा, हें सुज्ञांस सांगावयास नको.

आतां शक्तीचा हिशेब. पाण्यांतून जाणाऱ्या होडीस होणारा विरोध गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तो विरोध मोडण्यासाठीं लागणारी शक्ति स्थूलमानानें गतीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति आठपट लागते. उलट वेग निम्मा केला कीं शक्तीचा आठवा हिस्सा पुरतो. एखाद्या होडीस ताशीं आठ किलोमीटर जाण्यास दोन अश्वशक्ति लागत असतील, तर ताशीं चार किलोमीटर जाण्यास पाव अश्वशक्ति पुरेशी आहे. दोन माणसांच्या हलक्या होडीवर पांच किंवा दहा अश्वशक्तीचें यंत्र चढविणें म्हणजे ज्या शेगडीचा जाळ मंदच होत नाहीं तिच्यावर बासुंदी आटवावयास ठेवण्यासारखें होय. दूध उतूं जाईल, नाहीं तर करपेल, आटणार नाहीं.

होडीच्या मागच्या फळीला अडकवावयाचें हें यंत्र, ज्यास सर्वत्र आउटबोर्ड मोटर म्हणतात, लोकप्रिय केलें तें नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत मिलवॉकी येथें कारखाना काढणाऱ्या ओले एव्हिनरूड यानें. उन्हाळ्याच्या एका दिवशीं तळ्याच्या पलीकडून भावी पत्नीसाठीं वल्हें मारीत आइस्क्रीम आणतांना तें वाटेंतच वितळलें, आणि त्या फजितींतून ही कल्पना निघाली, असें सांगतात. १९०९ सालीं त्यानें तीं यंत्रें विकावयास आरंभ केला. त्यांची शक्ति दीड अश्वशक्तीच्या आसपास होती. आज ज्यास 'अगदींच लहान' म्हणून दुकानदार कोपऱ्यांत ठेवतो, तेवढ्याच शक्तीवर या धंद्याचा पाया घातला गेला, ही गोष्ट खरेदीच्या वेळीं आठवणींत ठेवण्यासारखी आहे.

पेट्रोलच्या यंत्राची अडचण अशी कीं, बंद न पडतां तें किती हळू फिरूं शकेल याला मर्यादा असते. त्या मर्यादेवरही मोठ्या यंत्राचा पंखा हलक्या होडीस ओढत्या गळाच्या वेगाच्या पलीकडे नेतो. मग कोणी होडीच्या बाजूस दोरी बांधून बादली पाण्यांत सोडतो व तिच्या ओढीनें चाल कमी करतो. कोणी पंख्याच्या मागें पत्र्याची झडप बसवितो. हे उपाय लागू पडतात, परंतु एका हातानें ढकलावयाचें व दुसऱ्या हातानें अडवावयाचें असा हा प्रकार असून त्यांत पेट्रोल फुकट जळतें. कमी पेचाचा पंखा, म्हणजे एका फेऱ्यांत होडीस थोडेंच पुढें ढकलणारा पंखा, बसविणें हा त्यापेक्षां सरळ उपाय आहे.

यंत्राच्या जातीचाही प्रश्न आहे. दोन-स्ट्रोक यंत्रांत पेट्रोलमध्यें तेल मिसळावें लागतें. शहरांतील जुन्या स्कूटरांच्या मागून जो निळसर धूर निघत असे तो याच मिश्रणाचा. असें यंत्र तासन् तास मंद गतीनें चालविलें म्हणजे त्याच्या प्लगवर काजळी धरते व तें धापा टाकूं लागतें. शिवाय जुन्या पद्धतीच्या अशा यंत्रांत पेट्रोलचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग न जळतांच बाहेर पडतो. आणि होडीच्या यंत्राचा धूर पाण्याखालीं सोडलेला असल्यामुळें तो सारा पाण्यांतच मिसळतो. चार-स्ट्रोक यंत्रांत तेल वेगळें राहतें, पेट्रोल कमी लागतें व मंद चाल अधिक गुळगुळीत असते. पेट्रोलचेंच यंत्र घ्यावयाचें तर दोन ते तीन अश्वशक्तीचें चार-स्ट्रोक घ्यावें. येथेंही एक बारकावा आहे. या आकाराच्या कांहीं यंत्रांत गिअर नसून आपोआप धरणारा क्लच असतो. यंत्राचे फेरे ठराविक प्रमाणाबाहेर वाढल्यावरच तो पंख्यास फिरवूं लागतो. अगदीं मंद चालीवर तो अर्धा धरलेला व अर्धा सुटलेला राहिला तर झिजतो. गिअरचें यंत्र थोडें जड पडलें तरी या कामास तें बरें.

विजेचें यंत्र या सगळ्या कटकटींतून सुटलेलें आहे. १९३४ सालीं अमेरिकेंत फार्गो या गांवीं ओ. जी. श्मिट यानें फोर्ड मोटारीची स्टार्टर मोटर काढून तिला लवचिक दांडा व पंखा जोडला, आणि गळ ओढण्याचें विजेचें यंत्र तयार झालें. विजेच्या मोटरीस कमींत कमी फेऱ्यांची मर्यादा नाहीं. ती पाहिजे तितकी हळू फिरते, थांबते, उलट फिरते, आणि तिचा आवाज जवळजवळ नसतोच. तिची शक्ति अश्वशक्तींत न सांगतां पाण्यास दिलेल्या रेट्यावर, पौंडांत, सांगण्याचा प्रघात आहे. होडी, माणसें व सामान मिळून जितकें वजन होईल त्याच्या निदान पन्नासाव्या हिश्श्याइतका रेटा असावा, असा आडाखा आहे. होडी १०० किलो, दोन माणसें १४० किलो व सामान ४० किलो धरलें तर एकूण २८० किलो होतात. त्यास साडेपांच किलोंच्या वर, म्हणजे बारा तेरा पौंड रेटा लागेल. परंतु डोंगरांतून सुटणारा वारा या आडाख्यांत धरलेला नाहीं. दुपारनंतर वारा पडत्या बाजूनें येऊं लागला कीं हलकी होडी भरकटते व परतीची वाट लांब होते. म्हणून तीस ते चाळीस पौंडांचें यंत्र घ्यावें. त्याहून मोठ्याची गरज नाहीं.

तीस पौंडांचें यंत्र पूर्ण जोरानें बारा व्होल्टवर सुमारें तीस ॲंपिअर वीज घेतें. ही शक्ति ३६० वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहूनही कमी झाली. गळ ओढण्याच्या मंद चालीवर आठ ते दहा ॲंपिअर पुरतात. शंभर ॲंपिअर-तासांची शिशाची बॅटरी घेतली तरी ती अर्ध्याखालीं उतरूं देणें हितावह नसतें, म्हणून हाताशीं पन्नास धरावे. त्यांत पांच सहा तास काम होतें. मात्र पूर्ण जोरानें चालविल्यास तीच बॅटरी पावणेदोन तासांतच अर्ध्यावर येते. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी महाग असली तरी तिच्यांतील बहुतेक सारी वीज वापरतां येते, आणि तिचें वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असतें. घरोघरीं इन्व्हर्टरखालीं असलेली उंच बॅटरी उचलून होडींत ठेवण्याचा मोह कांहींना होतो. तो टाळावा. ती फार जड असते, आणि होडी कलंडल्यास तिच्यांतील आम्ल सांडतें. मोटारगाडीची बॅटरीही कामाची नव्हे. यंत्र सुरू करण्यापुरता क्षणभर मोठा झटका देण्यासाठीं ती बनविलेली असते, तासन् तास थोडी थोडी वीज देण्यासाठीं नव्हे. सर्व बाजूंनीं बंद असलेली बॅटरीच घ्यावी.

आणखी एक गोष्ट दुकानदार क्वचितच आपण होऊन सांगतो. स्वस्त यंत्रांत वेगाचे पांच ठराविक टप्पे असतात, आणि हळू टप्प्यांवर नको असलेली वीज तारेच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन जाते. महाग यंत्रांत वेग हवा तसा कमी-अधिक करतां येतो व वीज लहान लहान तुकड्यांनीं सोडली जात असल्यामुळें मंद चालीवर मोठी बचत होते. ज्याला दिवसभर हळूच चालावयाचें आहे त्यानें चार पैसे येथेंच खर्च करावे.

भातसाच्या पाण्यावर यंत्र नेणाऱ्यानें तेथील परिस्थितीही पाहावी. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरलेला असतो. उन्हाळ्यांत पाणी खालीं उतरतें. रस्ता व पाणी यांच्यामध्यें दगड, चिखल व भेगाळलेली जमीन यांचा उतार उघडा पडतो, आणि शिशाची तीस किलोंची बॅटरी त्या उतारावरून नेऊन संध्याकाळीं परत वर आणावी लागते. पाणी आटूं लागलें कीं पूर्वींच्या झाडांचे खुंट पृष्ठभागाच्या जवळ येतात. म्हणून यंत्राचा दांडा होडीच्या फळीस शोभेल एवढाच असावा. पंधरा इंच उंचीच्या फळीस आंखूड दांडा व वीस इंचांच्या फळीस लांब दांडा, असा पेट्रोलच्या यंत्रांचा नियम आहे. विजेच्या यंत्राचा दांडा वरखालीं सरकवितां येतो. पंखा व त्याचा दांडा यांमध्यें मऊ धातूची एक खुंटी असते. पंखा खुंटावर आदळला म्हणजे ती तुटते आणि पंखा वांचतो. अशा दोन तीन खुंट्या व एक पक्कड खिशांत नसेल तर परत येण्यास वल्हींच कामास येतील. म्हणून वल्हीं कधींही घरीं विसरूं नयेत, आणि अंगांत तरंगतें जाकीट असल्याशिवाय होडींत पाऊल ठेवूं नये.

खुंटाहूनही जपण्यासारखी वस्तु म्हणजे जाळें. या भागांतील कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांपैकीं पुष्कळांचा चरितार्थ मासळीवर चालतो. संध्याकाळीं पाण्यांत जाळें सोडावयाचें व पहाटे काढावयाचें, असा त्यांचा क्रम असतो. जाळ्याची वरची कड दाखविणारी खूण म्हणजे बहुधा एखादी रिकामी प्लॅस्टिकची बाटली. ती सकाळच्या धुक्यांत दिसतही नाहीं. शहरांतील गृहस्थाचा पंखा त्यांत गुंतला तर गृहस्थाची सकाळ जाते, परंतु जाळेंवाल्याचें भांडवलच फाटतें. पहिल्या फेरीस निघण्यापूर्वीं किनाऱ्यावरील माणसांस जाळीं कोठें आहेत हें विचारून घ्यावें. त्यांच्याइतकी खात्रीची माहिती कोणत्याही नकाशांत मिळत नाहीं, आणि मासा कोठें आहे हेंही तेच सांगूं शकतात.

परवानगीची गोष्ट होडी घेण्यापूर्वींच उरकावी. भातसाचा जलाशय राज्याच्या जलसंपदा खात्याकडे आहे, तानसा मुंबई महानगरपालिकेकडे व बारवी औद्योगिक विकास महामंडळाकडे. मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेला असतो. तेव्हां पाण्याच्या मालकाची व ठेकेदार संस्थेची, अशा दोघांची लेखी संमति हवी. तानसा तर १९७० पासून अभयारण्यांत मोडतो. तेथें यंत्राची होडी नेण्याचा विचार मनांतच ठेवलेला बरा.

हे निर्बंध ज्यांना जाचक वाटतात त्यांनीं घरांतील नळाकडे एकदां पाहावें. भातसाचें पाणी धरणांतून सुटून नदीच्या पात्रानें पिसे येथें येतें, तेथून उपसून पांजरापूर येथें शुद्ध केलें जातें व मुंबईस पोंचतें. मुंबईच्या रोजच्या पाण्यांतील जवळजवळ निम्मा वांटा या एका जलाशयाचा आहे. बारवीचें पाणी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या बाजूस जातें. थोडक्यांत, सुटीच्या दिवशीं ज्या पाण्यावर होडी फिरते तेंच पाणी आठवड्याभरांत त्याच गृहस्थाच्या माठांत येऊन पडण्याचा संभव आहे. एवढ्या मोठ्या सांठ्यांत एका होडीचें पेट्रोल तें किती, असा प्रश्न कोणी विचारील. एका होडीचें थोडेंच. परंतु होड्या एकीवर थांबत नाहींत, आणि तरंगत्या होडींत डब्यांतून टांकींत पेट्रोल ओततांना जें सांडतें त्याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. जर्मनींतील कोनिग्झे या सरोवरावर प्रवाशांच्या बोटी १९०९ पासून विजेवर चालतात. एव्हिनरूडचें पेट्रोलचें यंत्र बाजारांत आलें तेंच हें साल, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. अमेरिकेंतील टाहो सरोवरावर जुन्या पद्धतीच्या दोन-स्ट्रोक यंत्रांस १९९९ सालीं बंदी झाली. ज्या देशानें हीं यंत्रें जगास दिलीं त्याच देशास आपल्या स्वच्छ पाण्यासाठीं तीं दूर ठेवावीं लागलीं.

तेव्हां शहापूर-मुरबाडच्या पाण्यासाठीं निवड फार अवघड नाहीं. परवानगी मिळाल्यास तीस ते चाळीस पौंडांचें, वेग हवा तसा बदलतां येणारें विजेचें यंत्र व लिथियमची बॅटरी हें सर्वांत योग्य. ज्याची नजर खाडीवर किंवा समुद्रावर आहे, जेथें भरती-ओहोटीच्या ओढीविरुद्ध जावें लागतें, त्यानें दोन तीन अश्वशक्तीचें चार-स्ट्रोक पेट्रोलचें यंत्र घ्यावें; परंतु तें गोड्या पाण्याच्या तळ्यावर आणूं नये. जुनें दोन-स्ट्रोक यंत्र स्वस्तांत मिळतें म्हणून घेणाऱ्याची फसवणूक दुकानदार करीत नाहीं, तो स्वतःच करतो. आणि ज्याच्या खांद्यांत जोर आहे व बरोबर एक सोबती आहे, त्याला वल्हींही पुरतात. एकानें वल्हें मारावें व दुसऱ्यानें दोरी धरावी. यंत्रें निघण्यापूर्वीं गळ असेच ओढले जात.

कोणतेंही यंत्र घेतलें तरी पैसे देण्यापूर्वीं तें पाण्यांत चालवून पाहावें. दुकानाच्या पिंपांत फिरवून दाखविलेल्या पंख्यावर विश्वास ठेवूं नये. काठावर शंभर मीटर अंतरावर दोन खुणा करून सर्वांत मंद चालीवर होडी त्यांच्यामधून न्यावी व घड्याळ लावावें. एक फेरी वाऱ्याबरोबर, दुसरी वाऱ्याविरुद्ध, अशा दोन फेऱ्यांचे वेळ मांडून सरासरी काढावी. दोन मिनिटें लागलीं तर वेग ताशीं तीन किलोमीटर झाला, दीड मिनिट लागलें तर चार. मिनिटाच्या आंत खूण मागें पडली तर यंत्र दुकानदारास परत द्यावें. वेळ बरोबर आला तर आणखी अर्धा तास त्याच चालीवर होडी फिरूं द्यावी, आणि यंत्र अडखळतें कीं काय, हें कान देऊन ऐकावें.